लोटूचा खून

लोटू नावाडी आमच्या दारासमोर पहिल्यांदा येऊन उभा राहिला, तेव्हा मी अंगणात तुरीची डाळ उन्हाला घालून राखत बसले होते. माघातली दुपार. राजपुऱ्यातली आमची गल्ली त्या वेळी अगदी सुनसान असे. तो समोरच्या निंबाखाली उभा होता. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, हात मोकळे. बोलला नाही, हलला नाही, नुसता आमच्या दाराकडे बघत राहिला. मी सूप तिथंच टाकलं, आत आले आणि कडी लावली. मग मागचं दार उघडं असल्याचं आठवलं. धावत जाऊन तेही लावलं. डाळ गल्लीतल्या शेळ्यांनी खाल्ली.

तुम्ही म्हणाल, एका नावाड्याला एवढं काय भ्यायचं? तर तुम्ही आमच्या बुऱ्हाणपूरचे नाही, आणि त्या काळचे तर नाहीच. इंग्रजांचं राज्य होतं, दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. राजघाटावरून तापीपलीकडे जैनाबादला जायचं तर लोटूच्या नावेत बसावं लागे, आणि बसणारा प्रत्येक जण नाव काठाला लागेपर्यंत जीव मुठीत धरून बसे. कारण लोटूनं आपल्या साडूला नदीत ढकलून मारलं होतं. निदान सगळं गाव तसं म्हणायचं. साडूचं नाव शालिग्राम. जैनाबादकडे कपाशीची आणि केळीची चांगली शेती होती त्याची, भाऊ गिरधर याच्याबरोबर सामायिक. भर श्रावणात, पुरानं नदीतला दगडी हत्तीसुद्धा बुडालेला असताना दोघं साडू नाव घेऊन निघाले. लोटू परत आला. शालिग्रामचं प्रेत पलीकडच्या काठाला लागलं. तिथं गिरधरनं एक दगड बसवला आणि त्याला शेंदूर लावला. पोलिसांत काही सिद्ध झालं नाही, पण लोकांना सिद्ध व्हायची गरज नसते. रडणाऱ्या पोराला आम्ही 'लोटू आला' म्हणत असू. मी स्वतः त्याच धाकात वाढले.

हे सगळं नावानिशी सांगते आहे, कारण ज्यांचं यात नुकसान झालं असतं ती माणसं आता राहिली नाहीत.

आता हा लोटू आमच्या दारात का आला? तर आमच्या घरातल्या शहाण्यामुळे. माझे यजमान अनंतराव वाईचे. इथल्या शाळेत मराठी शिकवायला आले आणि माझ्याशी लग्न करून इथलेच झाले. गाव त्यांना मास्तर म्हणे. मीही इथं मास्तरच म्हणते, कारण त्या काळात नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नव्हती आणि आता म्हातारपणी ते तोंडात बसत नाही. मास्तर कादंबरी लिहीत होते. तिच्यात एक दुष्ट माणूस होता, त्याचं नाव जालीमसिंग. नावातच सगळं आलं, मग पुढं वाचायचं कशाला? पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी कादंबरी परत पाठवली आणि वर लिहिलं की तुमचा हा जालीमसिंग दसऱ्याचा रावण आहे, उभा केलाय तो केवळ जाळण्यासाठी. त्याला भूक लागते का, त्याचा कोणावर जीव आहे का, तो कशाला भितो, काहीच कळत नाही. माणूस लिहा.

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग एका सकाळी उठून म्हणाले, "बरोबर आहे संपादकांचं. मी दुष्ट माणूस जवळून पाहिलेलाच नाही. तो आतून कसा असतो ते पाहायला हवं."

"आतून बघायला तो काय फणस आहे?" मी म्हटलं.

पण ते ऐकतील तर मास्तर कसले. शाळा सुटली की घाटावर जायचं, लोटूच्या नावेत बसायचं, पलीकडे जायचं, त्याच नावेनं परत यायचं, असा त्यांनी नेम धरला. मी हात जोडले. म्हटलं, गावात दुसरे वाईट लोक नाहीत का? वाणी आहे, घरमालक आहे. हवं तर माझ्या मावशीकडे राहून या. पण मास्तरांना खुनीच हवा होता. ते घाटावर गेले की मी दारात उभी, कान नदीकडे. परत आले की मी आधी त्यांचे कपडे बघे, ओले आहेत की कोरडे.

मास्तर मात्र खुशीत. जेवताना सांगत, लोटू भाकरीचा पहिला तुकडा नदीत टाकतो. पाण्यात कधी थुंकत नाही. उजव्या कानानं त्याला कमी ऐकू येतं. पलीकडे नाव लागली की त्या शेंदराच्या दगडाला हात जोडतो. "पश्चात्ताप!" मास्तर बोट वर करून म्हणत. "हे मला सुचलं नसतं, मालती. खुनी माणूस खुनाच्या जागी हात जोडतो!" एक दिवस म्हणाले, "आज लोटू म्हणाला, मला एकांतवासाची सवय जडली आहे."

मला हसू आलं. "लोटू असं म्हणाला? एकांतवासाची? जडली आहे?"

"अर्थ तोच. त्याची भाषा फार अशुद्ध. मी ती मनातल्या मनात सुधारून घेतो."

मास्तर होते ना शेवटी. वहीत काय, नावेत काय, लाल शाई सुटत नाही. मी ते हसण्यावारी नेलं. सगळं तिथंच चुकलं होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर काही दिवसांनी मास्तर घाटावरून आले ते अंगात हीव भरल्यासारखे. ओटीवर न थांबता सरळ माजघरात येऊन भिंतीला टेकून बसले.

"त्यानं कबूल केलं," ते म्हणाले. "खून. स्वतःच्या तोंडानं."

ते अडखळत सांगत होते. नाव पलीकडच्या काठाजवळ आली होती. दोघंच होते नावेत. मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं होतं, 'लोटू, तुझ्या मनात काय आहे रे?' इतके दिवस तो हसून सोडून देई. त्या दिवशी त्यानं बांबू टेकून नाव उभी केली, दगडाकडे बघत राहिला, आणि एकदम बोलला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, कोणाला सांगू नका.

"मी एकटाच आहे ऐकणारा," मास्तर म्हणाले. "त्याला आता कळलं असेल की चूक झाली. मला जिवंत ठेवणं त्याला परवडणार नाही."

कादंबरीतलं वाक्य वाटेल तुम्हाला. पण त्या वेळी आमच्या घरात कोणाला हसू आलं नाही. मास्तरांनी नावेत जाणं सोडलं. शाळेतून येताना ते सरळ रस्ता सोडून बाजारातून, माणसांच्या गर्दीतून येऊ लागले. आणि तेव्हापासून लोटू आमच्या समोरच्या निंबाखाली दिसू लागला. रोज नाही, पण तो येईल या भीतीत रोजचा दिवस जाई. कधी सकाळी, कधी दुपारी. यायचा, बघायचा, जायचा. एकदा दार उघडलं तर उंबऱ्यावर केळीची फणी ठेवलेली. पिवळीधमक, एकही डाग नाही. मास्तर दुरूनच ओरडले, "हात लावू नकोस! विष असेल." मी ती चिमट्यानं उचलून गटारात टाकली. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा ती केळी चांगली होती याचीच मला जास्त भीती वाटली.

मग एकदा त्यानं मलाच गाठलं. मी हौदावर पाणी भरत होते. बाकीच्या बायका त्याला बघून घागरी उचलून निघाल्या. तो माझ्यापासून चांगला लांब उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, मास्तरले सांगा, माह्यं ते बोलनं पोटात ठेवा. बाहेर आलं त मरन हाय."

मी घागर हौदावरच टाकली. कोणाचं मरण, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी रिकाम्या हातानं पळत घरी आले आणि जे ऐकलं ते मास्तरांना सांगितलं. ते ऐकून मास्तरांची पाचावर धारण बसली. त्याच दुपारी हेडमास्तरांना बरोबर घेऊन ते ठाण्यात गेले. संध्याकाळच्या आत लोटूला घाटावरून धरून नेलं.

त्या संध्याकाळी मला इतकं हायसं वाटलं की मी दोन्ही दारं उघडी टाकली.

दिवेलागणीला गिरधर आला. शालिग्रामचा भाऊ. जाड मिशा, खांद्यावर उपरणं, तोंडभर हसू. मास्तरांचे हात हातात धरून म्हणाला, "मास्तर, माह्या भावाच्या आत्म्याले आज शांती भेटली. तुम्ही देवमानूस." मग ओटीवर ऐसपैस बसून सुपारी कातरता कातरता म्हणाला, "भावाचं पोरगं यादव आता मोठं झालं. नुकतंच लग्न बी केलं त्याचं. आता वाटनी मांगते. देऊ ना, भावाचंच पोर हाय. पन एक सांगू? त्याच्या तोंडात मले माह्या भावाचं तोंड कधी दिसलंच नई. नाक बी नई न् कपाळ बी नई. जाऊ द्या." तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही, पण त्या दिवशी मी त्यावर विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची जबानी होती. ठाणेदार वरच्या मुलखातला, हिंदी बोलणारा. त्यानं मास्तरांना बजावलं होतं, "मुलजिम ने जो लफ़्ज़ बोले, वही बोलना. अपनी तरफ़ से कुछ नहीं." म्हणून गिरधर गेल्यावर मास्तर खोलीत येरझाऱ्या घालत पाठ करत बसले. मी कंदिलाची काच पुसत होते.

"लोटू म्हणाला, खून मी केला आहे," मास्तर म्हणत होते. "खून माझ्या हातून घडला आहे."

"नक्की काय म्हणाला?" मी विचारलं. "केला म्हणाला की घडला म्हणाला?"

"अर्थ एकच ना."

"ठाणेदाराला अर्थ नकोय. शब्द हवेत. मला सांगा, तो बोलला तसंच सांगा. सुधारू नका."

मास्तरांनी डोळे मिटले. एवढं मात्र कबूल करते, त्यांचा कान पक्का होता. लोटूचा घोगरा आवाज हुबेहूब काढून ते म्हणाले, "तो माहा खून हाय, मास्तर. कोन्हाले बोलू नका."

माझ्या हातातली काच खाली ठेवून मी उभी राहिले. "पुन्हा म्हणा."

"तो माहा खून हाय."

वाईच्या माणसाला खून म्हणजे एकच, कोणीतरी मेलं. पण आम्ही हिंदीच्या उंबऱ्यावर राहणारी माणसं. आमच्याकडे खून अंगात वाहतो. बोटाला विळी लागली की खून येतो. माझी आई मला रागावून म्हणायची, माझाच खून, तरी माझं ऐकत नाही. आणि तो शब्द इतके दिवस आमच्या घरात होता, पण मास्तरांनी तो धुऊन, इस्त्री करून आणल्यामुळे मला ओळखू आला नव्हता.

"तो बोलला तेव्हा समोर काय होतं?" मी विचारलं.

"सांगितलं ना, तो शेंदराचा दगड."

"दगडाशेजारी?"

"काही नाही. म्हणजे, एक तरणा माणूस बैल धूत होता पाण्यात."

"त्याच्या हातात लग्नाचं कंकण होतं?"

मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले. "होतं," ते म्हणाले. "पिवळं होतं काहीतरी. पण मी दगडाकडे बघत होतो."

"तो यादव," मी म्हटलं. "लोटूनं तुम्हाला खून कबूल केला नाही. हा माझा मुलगा आहे, असं सांगितलं."

मास्तरांनी जाऊन दोन्ही दारं लावली. मलाही आनंद झाला नाही. उलट आतापर्यंत भीतीला एकच तोंड होतं, ते आता कुठून बघतंय तेच कळेना.

तेवढ्यात दार वाजलं. धुरपदाबाई उभी होती, शालिग्रामची बायको. कोळ्यांच्या डोंगीतून ती पलीकडून आली होती. लुगड्याचा काठ ओला, तोंड पांढरं. तिला मी फक्त तोंडओळखीनं ओळखत होते. ती आत आली, आणि लोटूला सोडवा असं काही म्हणालीच नाही. तिनं पहिलं विचारलं ते हे: "मास्तर, तो तुमच्याशी काय बोलला? नेमकं काय बोलला?"

मी तिला आत घेतलं, दार लावलं, आणि मला कळलंय हे सांगितलं. ती जमिनीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग सांगू लागली. तिची धाकटी बहीण लोटूला दिलेली. दोघी बहिणी एकाच वेळी गरोदर, म्हणून धाकटीही बाळंतपणाला हिच्याच घरी जैनाबादला आलेली. हिचं मूल मेलेलंच जन्मलं. पुढच्याच रात्री धाकटी बाळंत झाली आणि गेली, मूल मात्र जगलं. लोटूनं ते उचलून हिच्या पदरात घातलं. सुईण आणि हे दोघं, एवढ्यांनाच ठाऊक. शालिग्रामलाही सांगितलं नाही. पोर तीन महिन्यांचं असताना शालिग्राम बुडाला.

"गिरधर तेव्हापासून टपलेला हाय," ती म्हणाली. "पोटचा वारस नसता त सारी जमीन त्याची झाली असती. मी त्याच्या दारात भांडे घासत बसली असती, न् यादव कोन्ही नसता. आताच वाटनी मांगली पोरानं. आता जर हे निघालं, त नवी नवरी घरात आनून तो रस्त्यावर येईल. न् मले लोक काय म्हनतील ते त तुम्हीच समजा."

"पण मग लोटूनं ह्यांना सांगितलंच कशाला?"

"पोराच्या लग्नात सारा गाव जेवला, बाई. त्याले बोलावनं नई. भावाचा खुनी मांडवात नको, असं गिरधर बोलला. मी बी गप बसली. तो त्या दिवशी नाव बांधून काठावर बसला होता, वाजंत्री ऐकत. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याले विचारलं, मनात काय हाय. त्याले असं आजवर कोन्ही विचारलंच नव्हतं."

"धुरपदाबाई," मी म्हटलं, "शालिग्रामला त्यानं..."

"नाव उलटली," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यानं मले असंच सांगितलं. मी नदीत नव्हती."

तिचं खरं काम अजून पुढंच होतं. ती ठाण्यात लोटूला भाकर द्यायला गेली होती. शिपायाची पाठ फिरली तेव्हा लोटूनं निरोप दिला होता. मास्तरांना सांग, मी खून केला असंच बोला. शब्द फिरवू नका. खुनी म्हणालेलं चालेल, बाप म्हणालेलं चालणार नाही.

"फासावर जाईल तो," मास्तर म्हणाले.

"तो म्हनते, जाऊ दे."

ती गेल्यावर मी सगळं मनात मांडून पाहिलं. मास्तरांनी खरे शब्द सांगितले तर ठाणेदार हिंदी बोलणारा. त्याला खून म्हणजे काय ते माझ्यासारखंच तत्काळ कळणार, आणि गिरधर तिथंच बसलेला असणार. त्यांनी आधी लावलेला अर्थ सांगितला तर एक माणूस मरणार. आणि काहीच सांगितलं नाही तर खोटी फिर्याद केली म्हणून नोकरी जाणार, कदाचित आत बसावं लागणार. मला माझ्या नवऱ्याची भीती वाटत होती. तो भित्रा माणूस आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

सकाळी मीही ठाण्यापर्यंत गेले. बायकांनी आत जायचं नसतं, म्हणून धुरपदाबाई आणि मी व्हरांड्याच्या कडेला बसलो. दार उघडं होतं. ठाणेदार टेबलामागं, गिरधर बाकावर, कोपऱ्यात लोटू, दोन्ही हात दोरीनं बांधलेले. मास्तर मध्ये उभे. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"बोलिए," ठाणेदार म्हणाला. "इसने क्या कहा था? ठीक वही लफ़्ज़."

मास्तर बोलेनात. लोटू त्यांच्याकडे बघत होता. माणूस इतका भ्यालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. लहानपणापासून ज्याच्या नावानं मला धाक घातला, तो लोटू थरथरत होता. आणि त्याची नजर ठाणेदाराच्या काठीवर नव्हती, मास्तरांच्या ओठांवर होती.

"मास्टरजी!"

मास्तरांचे ओठ हलले. तेवढ्यात लोटूच ओरडला, "साहेब, मी बोललो होतो! मी मारलं शालिग्रामले. मीच मारलं."

गिरधर बाकावरून उठला. ठाणेदारानं त्याला हातानं खाली बसवलं आणि मास्तरांकडे वळला. "यही कहा था इसने?"

धुरपदाबाईची बोटं माझ्या दंडात रुतली होती. मी डोळे मिटून घेतले.

"नाही," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक की ठाणेदारानं पुन्हा बोलायला लावलं. "नहीं साहब. हा माझ्याजवळ काही बोलला नाही. मी गोष्टी लिहितो. मला एक खुनी पाहिजे होता. मीच त्याच्या तोंडी घातलं."

"झूट!" लोटू ओरडला. "मी बोललो, साहेब!"

"नाही बोलला."

"बोललो!"

असं भांडण त्या ठाण्यानं आधी पाहिलं नसेल. ज्याला सुटायचं तो म्हणतो मला धरा, आणि ज्यानं धरून दिलं तो म्हणतो सोडा. ठाणेदार लाल झाला. जुनं प्रकरण, पुरावा नाही, साक्षीदार उलटलेला, आणि दोघंही त्याला वेडे वाटू लागलेले. त्यानं मास्तरांना जी वाक्यं ऐकवली ती मी लिहीत नाही. गिरधर ओरडत राहिला, पण त्याच्या हातात ओरडण्याखेरीज काही उरलं नाही. दुपारी लोटूला सोडलं. त्याच आठवड्यात मास्तरांना शाळेनं काढलं. पुढं कितीतरी वर्षं ते एका कापडवाल्याकडे पत्रं लिहीत होते. जालीमसिंग चुलीत गेला. मास्तर जे थोडं लिहीत, त्यातलं कोणी काही बोललं की मला हाक मारून विचारत, "हा असंच बोलेल ना?" मला माझ्या नवऱ्याचा त्या दिवसाइतका अभिमान त्याआधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही.

ठाण्याच्या पायऱ्यांवर लोटू माझ्याजवळ आला. हातांवर दोरीचे वळ. "बाई," तो म्हणाला, "तुमाले समजलं का, मी मास्तरले काय बोललो होतो ते?"

"नाही," मी म्हटलं. "मला काही समजलं नाही."

त्याला ते पटलं नाही. मी बुऱ्हाणपूरची आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानंतर मी कधी नावेत बसले तर तो माझ्याकडे बघतच नाव हाकी. नावेत यादव असला तर लोटूच्या कपाळावर घाम दिसे. मी शेजारणीशी बोलायला तोंड उघडलं तरी त्याचा हात बांबूवर थांबे. सगळं गाव त्याला भ्यायचं, आणि तो मला भ्यायचा. मी काय सांगितलं असतं म्हणजे त्याची भीती गेली असती? मला कधी सुचलं नाही.

लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळेनासं झालं होतं त्या थंडीत, लोटू वारला. पहाटे घाटावरच्या झोपडीत. घाटावरच्या चार कोळ्यांनी उचलून नेला. अग्नीही त्यांच्यातल्याच कोणीतरी दिला. मी त्या सकाळी अंघोळीला घाटावर गेले होते. नाव काठाला बांधून ठेवलेली, आणि पलीकडे जाणारी माणसं खोळंबलेली. त्यांत यादव होता, खांद्यावर सरकीचं पोतं. धुरपदाबाई पायरीवर बसून होती. तिला कळलं होतं, ते तिच्या तोंडावरूनच दिसत होतं. यादव वैतागून इकडेतिकडे बघत होता. उन्हानं डोळे बारीक केले की त्याचं कपाळ कसं आवळतं, ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते.

"बाई," त्यानं मला विचारलं, "आज नाव काहाले बंद हाय?"

"नावाडी गेला," मी म्हटलं. "पहाटेच."

"कोन? तो खुनी?"

धुरपदाबाईनं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. तो शब्द माझ्या जिभेवर होता. अजून हाडंही निवली नव्हती, आता मसणवटीत गेला तरी वेळेत पोहोचला असता. मला माझ्याच तोंडाची भीती वाटली.

"हो," मी म्हटलं. "तोच."